लाल उजेडाचं मीठ

"ओ म्याडम, ह्या बघा जरा," म्हणत सुभद्राबाई घाग प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा पावणेनऊ वाजले होते आणि मी नुकताच पांढरा कोट अंगात चढवत होते. तिच्या तळहातावर अर्ध्या विटेएवढं पांढरं ढेकूळ होतं.

"काय आहे हे?"

"आपला मीठ. चौऱ्याऐंशी नंबरच्या बॅचच्या दोन पिशव्या गोदामात मागं राह्यल्यात ना, त्यातला. मापं घ्यायला गेले तर हात आत जाईना. सगळी पिशवी अशीच. दगुड."

"थंडी पडलीय. होतं असं कधीकधी."

सुभद्राबाई हलली नाही. "सहा वर्सं मी पिशव्या शिवतेय म्याडम. थंडी काय ह्याच वर्षी पडलीय?"

लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना लहानसा. चाळीसेक माणसं, दोन शेड, एक भट्टी, एक गोदाम. आम्ही स्ट्रॉन्शियम नायट्रेट बनवायचो. नाव उच्चारायला अवघड आणि दिसायला अगदी खडेमिठासारखं, म्हणून मालकांपासून पॅकिंगच्या बायकांपर्यंत सगळे त्याला मीठच म्हणत. चवीला मात्र कोणी जात नसे. हे मीठ ज्वालेत पडलं की ज्वाला लालभडक होते, आणि तेवढ्यासाठीच लोक ते विकत घेतात. फटाकेवाले घेत, रेल्वेच्या धोक्याच्या मशाली करणारे घेत, आणि दापोलीकडच्या सड्यावर हुसेनमियाँ परकार म्हणून एक गृहस्थ होते, ते घेत. ते मच्छीमारांसाठी फ्लेअर बनवायचे. बोट संकटात सापडली की हातात धरून पेटवायची लाल मशाल.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. वैजयंती खातू, रसायनशास्त्राची पदवी, कारखान्यातली पहिली मुलगी केमिस्ट. माल बाहेर पडताना त्याच्यासोबत जो दाखला जायचा त्यावर माझी सही असायची. गुहागरच्या आमच्या घरात माझ्याआधी कुणाच्याही सहीने कुठलीच गोष्ट जागची हललेली नव्हती. माझे वडील दुकानात येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आमच्या वैजूच्या सहीशिवाय ट्रक फाटकातून बाहेर पडत नाही." मीही रजिस्टरात सही करताना खाली एक जोरकस रेघ ओढायचे.

सुभद्राबाईच्या हातातलं ढेकूळ मी घेतलं. खरं म्हणजे तिला वाटेला लावावं म्हणूनच त्याचा कोपरा फोडला, चूर्ण कोरड्या परीक्षानळीत टाकलं आणि नळी दिव्यावर धरली. कोरड्या मिठाला नुसतं हलकं तापवलं तर काहीही व्हायला नको. अर्ध्या मिनिटात नळीच्या वरच्या, थंड भागावर धुकं धरलं. मग त्या धुक्याचे थेंब झाले. मग एक थेंब ओघळून खाली आला.

सुभद्राबाई वाकून बघत होती. "पाणी ना ओ ते?"

"हो," मी म्हटलं.

शनिवारी मी ज्या दाखल्यावर सही केली होती त्यावर पाण्याचा अंश लिहिला होता शून्य पूर्णांक शून्य सहा टक्के. म्हणजे नसल्यातच जमा. या नळीत त्याच्या वीसपट तरी पाणी असावं. सोमवारी, म्हणजे कालच, त्या बॅचच्या वीस पिशव्या परकारांकडे गेल्या होत्या. आणि फ्लेअर करताना या मिठात मॅग्नेशियमची बारीक भुकटी मिसळतात. त्या भुकटीचं आणि पाण्याचं जमत नाही. ओल लागली की मिश्रण आतल्या आत गरम होत जातं, कुणी काडी न लावता.

हे कसं झालं तेही मला त्याच क्षणी कळलं. पण ते मी पुढे सांगते. त्या वेळी मी ते स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं.

मी नळी तशीच हातात घेऊन पोंक्षेसाहेबांच्या खोलीत गेले. कारखाना त्यांचाच. साठीचे, बारीक अंगाचे, बोलताना टेबलावरची टाचण्यांची डबी सतत सरळ करणारे. त्यांनी नळी उजेडाकडे धरून पाहिली.

"फोन लाव परकारांना."

फोन त्यांच्या गावात पोस्टात होता. मी चार वेळा लावला. दोनदा लागलाच नाही, तिसऱ्यांदा तो चिपळूणच्या कुठल्या तरी लाकडाच्या वखारीत लागला, चौथ्यांदा ऑपरेटर म्हणाली, दापोलीच्या पुढची लाइन कालपासून बंद आहे.

"साहेब, मी जीप घेऊन जाते."

"थांब. घाई करू नकोस. ओव्हनमध्ये रीतसर टेस्ट लाव. दोन तासांत आकडा येईल, मग ठरवू."

"दोन तासांत ते मिसळायला घेतील. त्यांच्याकडे दोन महिने मीठ नव्हतं. काल पिशव्या उतरल्या असतील तर आज सकाळी ते थांबणार आहेत का?"

ते खरंच होतं. आमचा कच्चा माल परदेशातून जहाजाने मुंबईला यायचा. त्या वर्षी तो अडकला होता, आणि परकार नोव्हेंबरपासून दर आठवड्याला पत्र टाकत होते. बोटींची तपासणी तोंडावर आली होती आणि फ्लेअरशिवाय बंदर खातं बोटींना परवाना देत नव्हतं.

पोंक्षेसाहेबांनी डबी सरळ केली. "तू तिथे गेलीस म्हणजे आपला दाखला खोटा होता असं आपणच कबूल केल्यासारखं होईल. समजतंय ना?"

"हो साहेब."

"आणि काहीच झालेलं नसलं तर?"

"तर मी मूर्ख ठरेन. टेस्ट तुम्ही लावून ठेवा."

त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मी ती परवानगी समजले आणि शिगवणला हाक मारली.

शिगवण आमचा ड्रायव्हर. गाडी चांगली चालवायचा, पण तोंड बंद ठेवायचा नाही. खेड सुटलं, घाटी लागली तशी त्याने विचारलं, "म्याडम, एक विचारू? ह्ये आपलं स्ट्रॉन्शियम म्हंजे त्या बॉम्बमधलंच ना? माझा मेव्हणा म्हणतो, हाडात जाऊन बसतं."

"ते वेगळं. नाव एकच, पण ते अणुस्फोटातून तयार होतं. आपलं जमिनीतल्या दगडातून येतं, त्यातून कसलेही किरण निघत नाहीत."

"मंग ह्येच्यापास्नं भय नाय?"

"आहे. ते स्वतः जळत नाही, पण दुसऱ्याला जळायला मदत करतं. कापूस, भुसा, तेल, काहीही जवळ असलं की झालं. त्याला बाहेरची हवासुद्धा लागत नाही, आपला प्राणवायू आपणच देतं."

"म्हंजे भांडण लावून देणाऱ्या शेजाऱ्यावानी," शिगवण म्हणाला आणि आपल्याच बोलण्यावर खूश झाला. मला हसू आलं नाही. मी घड्याळ बघत होते.

साडेअकराच्या सुमारास आम्ही सड्यावर चढलो. वर उघडा, काळ्या जांभ्याचा माळ, वाळलेलं गवत, मधूनमधून काजूची झाडं, आणि खूप खाली समुद्र. परकारांच्या कारखान्यात एकमेकींपासून लांबलांब बांधलेल्या चार पत्र्याच्या शेड होत्या. फ्लेअरचं काम असंच करतात, एकीत काही झालं तर दुसरी वाचावी म्हणून.

परकार स्वतः बाहेर आले. पंचावन्न वर्षांचे, उंच, दाढी पांढरी होत आलेली, अंगात सुती सदरा. पंधरा वर्षं जहाजावर काढून ते गावी परतले होते. मला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं.

"परकारसाहेब, मी लोट्याहून आले. मी वैजयंती खातू."

"दाखल्यावरच्या खातू?" ते हसले. "मला वाटायचं कुणी चष्मेवाले पोक्त गृहस्थ असतील."

"मीठ मिसळलंत का?"

माझ्या आवाजाने त्यांचं हसू थांबलं. "आठ वाजता पहिला घाणा मिसळला. पिंपाला झाकण लावून वरून ओलं कापड टाकून ठेवलंय, आतल्या शेडमध्ये. जेवण झालं की नळ्या भरायला घेणार. का?"

"मिठात पाणी आहे. पुष्कळ आहे. दाखला चुकलाय."

त्यांनी शेडकडे पाहिलं. मग मान वळवून म्हणाले, "झरीना, माझी सून, सकाळपासून म्हणतेय, वास येतोय. नवसागरासारखा. मी म्हटलं, नवीन मालाचा असेल."

नायट्रेटचा ओल्या मॅग्नेशियमशी झगडा सुरू झाला की असाच वास येतो. मी पुस्तकात वाचलं होतं.

"आत किती माणसं आहेत?"

"नऊ बाया. पिंपाच्या शेजारच्याच खोलीत, नळ्यांना कागद चिकटवतायत. त्यात झरीनाही." हे सांगताना ते चालायला लागले होते. पळाले नाहीत. मी त्यांच्या मागे निघाले तेव्हा त्यांनी हाताने मला थांबवलं. ते आत गेले, पिंपापर्यंत गेले की नाही ते मला दिसलं नाही, आणि दारातून त्यांचा आवाज ऐकू आला. रोजचाच असावा असा आवाज.

"चला गो बायांनो, सुट्टी. आज लवकर जेवा. डबे बाहेर, सगळ्या त्या मोठ्या काजूखाली. हातातलं तिथंच ठेवा."

बायका बोलत, पदर झटकत बाहेर आल्या. सगळ्यांत शेवटी झरीना आली, पंचविशीची, कपाळावर चिकटवायच्या खळीचा डाग असलेली. परकार तिच्या मागे. माझ्या जवळून जाताना ते हळूच म्हणाले, "कापड सुकलंय. पिंपाच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसला."

काजूखाली पोचल्यावर त्यांना आठवलं. "पिशव्या! एकोणीस पिशव्या गोदामात आहेत. पोरगे बोलवतो, बाहेर काढतो."

"गोदाम किती लांब?"

"चाळीस पावलं. मधे गवत आहे."

"नको. कोणी जायचं नाही तिकडे."

"अहो, दोन महिने वाट बघितलीय त्या मिठाची!"

"मीठ पुन्हा येईल," मी म्हटलं. तेवीस वर्षांच्या मुलीने साठीकडे झुकलेल्या माणसाला ज्या आवाजात बोलू नये त्या आवाजात म्हटलं असणार, कारण बायका डब्यातून माना वर करून बघायला लागल्या. परकार खाली बसले.

मग काहीच झालं नाही.

दहा मिनिटं गेली. पंधरा गेली. बायकांची भाकरी खाऊन झाली. शेड उन्हात नेहमीसारखी उभी होती, पत्र्यावर एक कावळा येऊन बसला आणि उडून गेला. शिगवण जीपला टेकून दात कोरत होता. एक बाई दुसरीला म्हणाली, "खळ सुकून जाईल गो." झरीना माझ्याकडे बघत होती, तिच्या बघण्यात वाईट काही नव्हतं, नुसतं कुतूहल होतं, पण मला ते सोसेना. परकारांनी घड्याळात पाहिलं. वीस मिनिटं.

तेव्हा माझ्या मनात जे आलं ते मी आजवर फार थोड्यांना सांगितलंय. मला वाटलं, पेटू दे. एकदाचं पेटू दे, म्हणजे मी खोटी ठरणार नाही. ज्यांची भाकरी त्या शेडवर होती त्या नऊ बाया माझ्यासमोर बसलेल्या असताना मला हे वाटलं.

आणि पेटलं.

मोठा आवाज झाला नाही. फुत्कारासारखं काही तरी, आणि शेडच्या दोन्ही खिडक्या आतून लाल झाल्या. भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना, तो उजेड उन्हालाही पुरून उरला. काजूची पानं लाल दिसली, बायकांची तोंडं लाल दिसली, परकारांची दाढी लाल दिसली. पत्रे वर उचलले गेले आणि आतून पांढरा धूर उसळला. नळ्या चिकटवायची खोली, जिथे अर्ध्या तासापूर्वी नऊ जणी बसल्या होत्या, ती कुठे होती हेच कळेना. एका बाईने हंबरडा फोडला. झरीना उठून उभी राहिली, दोन्ही हात तोंडावर धरून.

खालच्या वाडीतून माणसं धावत आली. कुणाच्या हातात बादली, कुणाच्या हातात कळशी. पुढचा गडी शेडकडे वळला तशी मी ओरडले, "पाणी नको! त्या शेडवर पाणी टाकू नका!"

"येडी काय ही बाई?" तो ओरडला.

"पाण्याने भडकेल! धातू जळतोय तो! ते आपोआप विझेल, लांब व्हा!"

"ऐका तिचं!" परकारांचा आवाज आला, जहाजावर कमावलेला आवाज. तो गडी जागच्या जागी थबकला.

पण गवताने पेट घेतला होता आणि आग गोदामाकडे सरकत होती. तिथे मीठ होतं, ज्यूटच्या पोत्यांत. "पाणी तिकडे!" मी गोदामाकडे हात करून ओरडले. "तिथे लागेल तेवढं ओता! भिंतीवर, पोत्यांवर, गवतावर! मिठाला पाणी चालतं!"

एकीकडे पाणी नको आणि दुसरीकडे हवं, हे त्या माणसांना मी दहा शब्दांत कसं पटवलं मला ठाऊक नाही. बहुतेक पटलं नव्हतंच, परकार माझ्या शेजारी उभे होते म्हणून त्यांनी केलं. विहिरीपासून गोदामापर्यंत माणसांची रांग लागली. मीही रांगेत होते, माझ्यापुढे झरीना होती. काजूच्या फांद्या तोडून बायका गवत झोडपत होत्या. शिगवण ओरडत ओरडत पोत्यांवर बादल्या ओतत होता, आवाज बसेपर्यंत.

शेड सात-आठ मिनिटांत जळून संपली. गोदाम वाचलं. कुणाच्या अंगाला साधा चटकाही बसला नाही, एका बाईची चप्पल तेवढी आत राहिली.

तीनच्या सुमारास पोंक्षेसाहेबांची गाडी आली. टेस्टचा आकडा त्यांनी चिठ्ठीवर लिहून आणला होता, एक पूर्णांक सहा टक्के. ते उतरले, काळ्या चौथऱ्याकडे पाहिलं, आणि नऊ बायकांकडे पाहिलं. परकारांनी त्यांना खाट दिली, पाणी दिलं. वाडीतली माणसं भोवती जमली होती.

"परकारसाहेब, काय बोलू," पोंक्षेसाहेब म्हणाले. "आमच्याकडून माल कोरडाच निघाला होता. शनिवारचा दाखला आहे. आतली प्लास्टिकची पिशवी नीट बांधली नसणार, ट्रकमध्ये दव लागलं असेल. पॅकिंगच्या बायका कधीकधी... मी चौकशी करतो. जी कोण असेल तिला काढून टाकतो."

ते लबाड नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत असावं, आणि त्यात माझाही बचाव होता. मला फक्त गप्प बसायचं होतं.

"साहेब, बायकांची चूक नाही," मी म्हटलं.

"तू थांब, वैजयंती."

"पिशव्या सुभद्राबाईने बांधल्या, आणि चांगल्या बांधल्या. चूक माझी आहे. शनिवारी मी मिठाचा नमुना काढला आणि उघडी बाटली ओव्हनच्या वर ठेवून जेवायला गेले. ओव्हन खाली चालू होता. तासाभराने आले आणि मग पहिलं वजन केलं. तोवर नमुना वरच्यावर सुकून गेलेला होता. मग ओव्हनमध्ये घालून सुकवला, पुन्हा वजन केलं, तर फरकच नाही. आकडा इतका छान आला की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. मी दुसऱ्यांदा करून पाहिलं नाही."

पोंक्षेसाहेब माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांच्या देखत स्वतःच्याच घराची वीट काढली होती.

परकार म्हणाले, "ही बाटलीची गोष्ट कुणाला माहीत होती?"

"कुणालाच नाही."

"मग दव म्हणून चाललं असतं."

"हो."

"आणि आज इकडे आली नसतीस तरी चाललं असतं. स्फोट झाला असता, माणसं गेली असती, लोक म्हणाले असते, मिश्रणाचं काम, होतं असं. तुझी बाटली कोण विचारायला येणार होतं?"

मी रडू नये म्हणून खाली बघत होते. जांभ्यावर राख उडत होती. "सुभद्राबाईने ढेकूळ आणून दाखवलं," मी म्हटलं. "ती दारातून हलली नाही. तिला काढू नका."

परकारांनी हातातला कागद माझ्यापुढे केला. माझाच दाखला. "मागच्या बाजूला लिही. आता बोललीस तसं. सही कर."

मी लिहिलं, बाटली, ओव्हन, तास, सगळं. खाली सही केली. त्यांनी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि झरीनाला म्हणाले, "हिला जेवायला वाढ गो. सकाळपासून उपाशी आहे."

परतीच्या वाटेवर शिगवणने एक शब्दही काढला नाही. दुसऱ्या दिवशी मी राजीनामा लिहून टेबलावर ठेवला. पोंक्षेसाहेबांनी तो खणात टाकला आणि म्हणाले, "महिनाभर घरी बस. मला विचार करू दे." घरी वडिलांना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुकान उघडायला गेले. त्यानंतर सहीची गोष्ट गिऱ्हाइकांना सांगणं त्यांनी बंद केलं. मला ते फार लागलं.

महिन्याचे दोन-तीन महिने झाले, आणि एप्रिलमध्ये पोंक्षेसाहेबांनी मला बोलावून घेतलं. टेबलावर परकारांचं पत्र होतं. नवी शेड उभी राहिली आहे, चाळीस पिशव्या पाठवाव्यात. खाली एक ओळ होती: माल खातूबाईंनी तपासलेला असेल तरच उतरवून घेऊ.

"मी त्यांना कळवलं होतं की नवीन केमिस्ट घेतोय, पीएच.डी. आहे," पोंक्षेसाहेब म्हणाले. "हे त्यावरचं उत्तर." ते जरा चिडलेले होते. पण टाचण्यांची डबी तिरकी होती आणि तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

त्या चाळीस पिशव्यांतला प्रत्येक नमुना मी तीनदा तपासला. तिसऱ्या वेळी सुभद्राबाईला प्रयोगशाळेत बोलावलं, तराजूचा काटा दाखवला, आकडा वाचायला लावला. ती म्हणाली, "माझ्या हाताला तर पैल्यांदाच कळला होता, सुका हाय."

मालाबरोबर मीही गेले. पहिला घाणा मिसळला, नळ्या भरल्या, सुकल्या, आणि चौथ्या दिवशी सूर्य नुकताच बुडाला असताना परकार आम्हा सगळ्यांना खाली किनाऱ्यावर घेऊन गेले. झरीनासकट नऊच्या नऊ बाया, आणि मी. वाळू अजून गरम होती. त्यांनी पेटीतला एक फ्लेअर काढला आणि माझ्या हातात दिला.

"तुम्ही पेटवा," मी म्हटलं.

"तू. हात लांब, वाऱ्याकडे पाठ करून. घाबरायचं नाही."

"किती वेळ जळायला हवा?"

"एक मिनिट. बंदर खात्याचा नियम आहे. आमचा जुना माल बासष्ट सेकंद जायचा."

टोपण काढलं, घासलं, आणि माझ्या हाताच्या टोकाला तो उजेड उगवला. चरचर नाही, थुंकणं नाही, एकसंध, घट्ट लाल. लाटांचा फेस लाल झाला. झरीना मोठ्याने मोजायला लागली, मग दुसरी तिच्यात मिसळली, मग सगळ्याच. वीस. तीस. मी दुसऱ्या हाताने मनगट धरलं. पन्नास. साठला परकारांनी मान हलवली. बासष्टला बायका ओरडायला लागल्या. सहासष्टला ज्वाला खाली बसली आणि विझली.

त्या दिवशी मला जी ताठ मानेची भावना आली, ती आधीच्या कुठल्याच सहीने दिली नव्हती. आज निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण ती तशीच आहे.

बायका टाळ्या वाजवत होत्या, आणि झरीनाने सासऱ्यांना समुद्राकडे बोट करून दाखवलं. "मामू, ती बघा."

लांबवर एक होडी चालली होती दाभोळच्या बाजूला. तिने तोंड वळवलं होतं. सरळ आमच्याकडे येत होती, इंजिनाचा आवाज वाढत होता. परकारांनी डोक्यावरची टोपी काढून हलवली, जा, जा, काही नाही. होडी थांबली नाही. वाळूपासून वीस हातांवर आली तेव्हा होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभा असलेला माणूस दिसला, हातात दोरी तयार धरलेला.

"कोण बुडलं?" तो ओरडला.

"कोणी नाही!" परकार ओरडले.

"मग लाल कशाला दाखवलंत? आम्ही जाळी तशीच टाकून आलो!"

"ह्या बाईंचं मीठ पारखत होतो!"

त्याने दोरी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. "मग? कसं आहे?"

परकार हसले. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी पाण्यावरून आवाज दिला, "तू आलास ना?"